आमचा सरळ वाजवायचा

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ न्यूजर्सीहून आला तेव्हा बॅगेत सुकामेवा, आईसाठी स्वेटर आणि माझ्यासाठी चॅप्लिनच्या ब्ल्यू-रे चकत्यांचा एक जाड सेट घेऊन आला. म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या बाराच्या बारा फिल्म्स, सगळ्या नव्याने साफ केलेल्या. मी किती वर्षं त्याच्या मागे लागले होते ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांना म्हटलं, चला, तुमचा चार्ली बघूया. 'द व्हॅगाबाँड' लावली, १९१६ ची. बाबा सोफ्यावर, मी खाली चटईवर, आई आत भांडी लावत. आणि मी टीव्हीकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघत होते, कारण आता हे हसणार, आता हसणार असं वाटत होतं. ते हसलेच नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "हा उलटा वाजवतोय."

मी म्हटलं काय उलटा? म्हणाले, "व्हायोलिन गं. गज डाव्या हातात आहे बघ. आमचा सरळ वाजवायचा."

बाबा तरुणपणी चार वर्षं व्हायोलिन शिकलेत, त्यामुळे गज कुठल्या हातात आहे हे त्यांना दिसतंच, आपल्याला दिसलं नाही तरी. मी फिल्म थांबवून मोबाईलवर शोधलं आणि सांगितलं की अहो बाबा, चॅप्लिन डावखुराच होता, व्हायोलिनच्या तारा उलट्या लावून घ्यायचा, आतली खुंटीसुद्धा त्याप्रमाणे बदलून घेतलेली, त्याने स्वतः लिहिलंय. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि शांतपणे म्हणाले, "असेल. पण आमचा सरळ वाजवायचा." मग थोड्या वेळाने, "आणि एवढा सावकाश नव्हता तो." आणि उठून आत जाताना, अगदी सहज, "पाऊस पण पुसून टाकला की सगळा."

पाऊस म्हणजे प्रिंटवरचे चरे. आमच्याकडे जुन्या सिनेमावर पाऊसच पडायचा, दुसरा शब्दच नव्हता. दूरदर्शनवर रविवारी काही लागलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "पावसाचा आहे का?" म्हणजे जुना आहे का.

तर 'आमचा सरळ वाजवायचा' हे वाक्य डोक्यात अडकून बसलं. बाकीच्या दोन तक्रारींना माझ्याकडे उत्तर होतं. चॅप्लिनचा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठरा चौकटी, कधी गंमत वाढवायची म्हणून मुद्दाम अजून हळू फिरवायचा म्हणजे पडद्यावर माणूस पळायला लागतो. पुढे बोलपट आले आणि प्रोजेक्टर चोवीस चौकटींवर पक्के झाले. मग जुनी मूक फिल्म त्या मशीनवर चढवली की सगळं जग घाईत, लग्नाला उशीर झाल्यासारखं. बाबांनी पन्नास-साठच्या दशकात गिरगावातल्या वाडीत जो चार्ली बघितला तो हा घाईतला चार्ली. त्यात १९३२ मध्ये व्हॅन ब्यूरन नावाच्या माणसाने या बाराही फिल्म्स विकत घेऊन त्यावर संगीत आणि ढुम्म-फट्ट आवाज चढवून परत बाजारात आणल्या होत्या, आणि जगभर ज्या १६ मिलिमीटर रुंद पट्टीच्या कळकट प्रिंट्स फिरल्या त्यातल्या कितीतरी त्या आवृत्तीच्या. म्हणजे बाबांचा चार्ली मुळात एका वेगळ्या व्यापाऱ्याने परत बाजारात आणलेला चार्ली. तो वेग, तो पाऊस, तो ढॅणढॅण आवाज यातलं काहीच चॅप्लिनचं नाही. मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं, आणि समजावून झाल्यावर मला स्वतःलाच जरा लाज वाटली. माणूस आपलं बालपण सांगतोय आणि मी त्याला चौकटी मोजून दाखवतेय.

पण सरळ वाजवण्याचं काय? ते कुठल्याच प्रिंटमध्ये शक्य नव्हतं.

मी या जुन्या विनोदी मूकपटांच्या नादाला कशी लागले ते सांगायचं तर जाड्या-रड्यापासून सुरुवात करावी लागेल. लॉरेल आणि हार्डी ही नावं मला बरीच उशिरा कळली, आमच्याकडे ते जाड्या-रड्याच, आणि शाळेत कुठलीही दोन पोरं अशी दिसली की त्यांचं बारसं झालंच समजा. त्यांची १९२७ ची एक फिल्म आहे, 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', तीत रस्त्याच्या मधोमध अख्खं गाव एकमेकांच्या तोंडावर पाय फेकतं (खायचे पाय, क्रीमचे, गैरसमज नको). हजारो पाय उडाले म्हणतात. आणि ही एवढी प्रसिद्ध मारामारी कित्येक दशकं कुणी पूर्ण बघितलेलीच नव्हती. १९५७ मध्ये रॉबर्ट यंगसन नावाच्या माणसाने जुन्या विनोदी फिल्म्सचे तुकडे जोडून एक सिनेमा केला, त्यात त्याने यातली काही मिनिटं घेतली, आणि मारामारीचं मूळ रीळ, फिल्मचं दुसरं, नंतर कुजून गेलं. राहिली ती फक्त तेवढी मिनिटं. लोक त्यालाच फिल्म समजून चालले. मग २०१५ मध्ये जॉन मिर्सालिस नावाच्या संग्राहकाला विकत घेतलेल्या डब्यांमध्ये ते दुसरं रीळ १६ मिलिमीटरमध्ये जसंच्या तसं मिळालं. मी ती बातमी ऑफिसमध्ये वाचली आणि शेजारच्या डेस्कवरच्या बाईला सांगितली, ती म्हणाली "अरे वा" आणि परत एक्सेलमध्ये गेली. बरोबरच आहे म्हणा. पण मला त्या दिवशी काही सुचलं नाही.

कारण त्यातली गोम मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. या फिल्म्स ज्यांच्या होत्या त्यांनी नाही वाचवल्या. स्टुडिओंच्या दृष्टीने चालून झालेली मूक फिल्म म्हणजे जागा अडवणारी आणि वर पेट घेणारी वस्तू, त्या काळची फिल्मची पट्टी नायट्रेटची, आणि नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. हॅरॉल्ड लॉइडसारख्या मूकपटांतल्या विनोदी नटाने स्वतःच्या फिल्म्स जिवापाड जपल्या, बंगल्यात खास तिजोरीखोली बांधली, तर १९४३ मध्ये तीच पेटली आणि सुरुवातीच्या किती तरी फिल्म्स गेल्या. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने २०१३ मध्ये हिशोब मांडला, की तिथे निघालेल्या जवळपास ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात फक्त १४ टक्के शिल्लक आहेत. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत पण परदेशी पाठवलेल्या आवृत्तीमुळे नाहीतर छोट्या मापाच्या रिळांमुळे.

छोट्या मापाची रिळं म्हणजे घरातली रिळं.

पाथे या फ्रेंच कंपनीने १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरचं एक इवलंसं मशीन काढलं, पाथे बेबी, खास घरी सिनेमा बघायला. त्या पट्टीला भोकं कडेला नाहीत, मधोमध, दोन चौकटींच्या बरोबर मध्ये एकेक. पुढच्या वर्षी कोडॅकने न पेटणारी १६ मिलिमीटर आणली आणि पाठोपाठ सिनेमे भाड्याने देणारी लायब्ररीही सुरू केली, आपल्याकडे व्हिडिओ कॅसेटची दुकानं होती तसंच. पुढे आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट नावाच्या गावातून ब्लॅकहॉक फिल्म्स टपालाने घराघरात बस्टर किटन, चॅप्लिन, जाड्या-रड्या पाठवायची. कुणाच्या तरी वाढदिवसाला भिंतीवर चादर लावून बघितलेली ही रिळं, मग माळ्यावर, मग तळघरात, मग जुन्या बाजारात. आज एखादी फिल्म नव्याने साफ करून डिस्कवर येते तेव्हा मूळ निगेटिव्ह गेलेली असते आणि नेमका हरवलेला शॉट अशा एखाद्या रिळातून मिळतो. अमेरिकेत बेन मॉडेल नावाचा एक जण आहे, मूकपटांना ऑर्गन आणि पियानोची साथ करतो, त्याने लोकवर्गणी काढून अशाच केवळ १६ मिलिमीटरमध्ये टिकलेल्या विसरलेल्या विनोदी फिल्म्स डीव्हीडीवर आणल्या. मालिकेचं नाव ठेवलं 'अ‍ॅक्सिडेंटली प्रिझर्व्हड'. चुकून टिकलेल्या. लोकवर्गणी हा शब्द वाचून मला आमचं मंडळच आठवलं, पावतीपुस्तक घेऊन दार वाजवणारी पोरं.

आपल्याकडचं आठवलं की मात्र तोंड कडू होतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेही तुकडेच उरलेत, आणि तेही पी. के. नायर नावाचा एक झपाटलेला माणूस पुण्यात बसून डबे गोळा करत फिरला म्हणून. चांदी काढायला रिळं विकली गेली, काही भंगारात गेली, २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली. आणि घराघरात छोटी रिळं पोचण्याची चैन आपल्याकडे फार थोड्यांना होती, त्यामुळे अमुक आजोबांच्या माळ्यावर मिळालं असं इथे होण्याची शक्यताच कमी. आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब आहे आणि एक मोडका पाळणा.

बरं, ते साफ करतात कसं, हे मी हौसेने बरंच वाचलंय आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते वेट गेट. कोरड्या कडप्प्यावर चरे कसे पांढरे दिसतात आणि ओला फडका मारला की गायब होतात? तेच. रीळ स्कॅन करताना चरे भरून काढणाऱ्या एका द्रवातून जातं, ड्रायक्लीनिंगवाले वापरतात त्या जातीचा, आणि वरवरचा पाऊस तिथल्या तिथे थांबतो. जे खोल गेलेत ते मग कॉम्प्युटरवर एकेक चौकट घेऊन, महिनोन् महिने. पण खरं डोकं त्याच्या आधी लागतं. म्युच्युअलच्या फिल्म्सचं काम इटलीत बोलोन्यातल्या फिल्म संग्रहालयाने आणि पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सने मिळून केलं, ठिकठिकाणच्या संग्रहांतून प्रिंट्स मागवल्या आणि शेजारी शेजारी ठेवून जुळवल्या. त्या काळी दोन कॅमेरे चिकटून उभे असायचे, एकाची निगेटिव्ह देशात, दुसऱ्याची परदेशासाठी, म्हणजे तोच प्रसंग पण हातभर बाजूने. कधी टेकसुद्धा वेगळा. मग युरोपातल्या प्रिंटमध्ये चार्ली दारातून येतो आणि अमेरिकेतल्या प्रिंटमध्ये तोच चार्ली त्याच दारातून जरा वेगळा येतो. यातला खरा कुठला? कुणीतरी बसून ठरवतं. आणि खुद्द चॅप्लिनला तरी मूळ फिल्मचं सोवळं कुठे होतं, १९२५ ची 'द गोल्ड रश' त्याने १९४२ मध्ये स्वतःच कापली, मधल्या अक्षरांच्या पाट्या काढल्या, त्यावर स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगितली आणि शेवटचं चुंबनसुद्धा उडवलं. जुनी जशीच्या तशी परत जुळवायला १९९३ उजाडलं.

हे सगळं माहीत असूनही त्या रविवारी मला वाटत होतं की माझ्याकडे खरा चार्ली आहे आणि बाबांकडे खोटा.

आणि खरंच, काय दिसतं त्यात! मी रात्री एकटीने परत लावली. फिल्मची नायिका एडना धोब्यासारखी बादलीभर कपडे घासत बसलेली, हा समोर व्हायोलिन वाजवतोय, तो लय वाढवतो तसे तिचे हात कपड्यावर जोरात चालायला लागतात, तो आणखी रंगात येतो आणि शेवटी स्वतःच पाण्याच्या टबात. हे मी आधी दहा वेळा बघितलंय यूट्यूबवर, पण तेव्हा तिचा चेहरा म्हणजे पांढरा डाग होता. आता तिच्या नखातला मळ दिसतो. चार्लीच्या डोळ्याखालचं काजळ दिसतं, कोटाच्या कोपरावरची झिलई दिसते, तीन वर्षं एकच युनिफॉर्म घातल्यावर आमच्या येते ना तशी. आठवड्याला १०,००० डॉलर घेणारा २७ वर्षांचा पोरगा, आणि तो कोट. चरे गेल्यावर गरिबी इतकी स्पष्ट दिसेल असं मला वाटलं नव्हतं. पावसात ती झाकली जायची, सगळं आजोळच्या गोष्टीसारखं लांबचं वाटायचं. मला हसू आलं पण आधी घशात काहीतरी आलं, आणि मला वाटून गेलं की बाबा हसले नाहीत ते यामुळे तर नाही?

दोन दिवसांनी डोंबिवलीच्या आत्याला फोन केला, कशासाठी ते आता आठवत नाही, बहुतेक हळदीकुंकवाच्या तारखेसाठी. बोलता बोलता सांगितलं की तुझा भाऊ असं असं म्हणतोय, चार्ली सरळ वाजवायचा. आत्या एकदम खिदळायला लागली. "अगं आम्ही पाठीमागून बघायचो की!"

वाडीत गणपतीच्या दहा दिवसांत एक रात्र सिनेमाची. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांना दोऱ्या बांधून मधोमध कापड, मांजरपाटाचं, दोन पाट शिवून जोडलेलं. पुढे खुर्च्या, त्या मोठ्यांच्या आणि जास्त वर्गणीवाल्यांच्या, मग सतरंज्या, त्यावर बायका आणि ज्यांनी संध्याकाळपासून जागा धरून ठेवली ती पोरं. हे दोघं भाऊ-बहीण क्लासमधून उशिरा यायचे. मग कापडाच्या मागच्या बाजूला, नळाच्या कट्ट्यावर. तिथे ओल असायची, शेवाळाचा वास, आणि कापडातून प्रोजेक्टरचा दिवा आरपार दिसायचा, चित्राच्या मधोमध एक पांढरा गोळा, चंद्रासारखा. वाऱ्याने कापड फुगलं की चार्ली आधी जाड व्हायचा मग बारीक. "आणि ती मधली अक्षरं यायची ना इंग्रजी, ती उलटी दिसायची," आत्या म्हणाली, "मी अण्णांना विचारलं हे काय लिहिलंय, तर ते म्हणाले मोडी आहे, तुला नाही कळणार. मी कितीतरी वर्षं समजत होते इंग्रजांचे सिनेमे मोडीत असतात."

म्हणजे बाबा बरोबर होते. मागून बघितला तर डावखुरा चार्ली अगदी सरळ वाजवतो, गज उजव्या हातात, आपल्या मास्तरांनी शिकवल्यासारखा. बोलोन्यातल्या आणि पॅरिसमधल्या त्या भल्या माणसांनी कुठून कुठून प्रिंट्स गोळा केल्या, पण आमच्या नळाच्या कट्ट्यावरची आवृत्ती त्यांच्याकडे नव्हती. कशी असणार.

मला एवढा आनंद झाला की मी शनिवारी रिस्टोरेशनच करायला घेतलं. बेडरूममधलं लोखंडी कपाट, आजीचं, त्याच्या दाराला लांब आरसा आहे, कडेने पारा उडालेला. दार एका विशिष्ट कोनात उघडं ठेवलं की पलंगावर बसून हॉलमधला टीव्ही त्यात दिसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे कारण दहावीच्या वर्षी मी असाच टीव्ही बघितलाय. पडदे ओढले, दाराला पाटा लावून कोन पक्का केला, टीव्हीचा आवाज बंद केला. पाऊस काही आणता आला नाही, पण पारा उडालेल्या जागी काळे ठिपके होते, ते त्यातल्या त्यात. बाबांना हाताला धरून आणलं, पलंगावर बसवलं, म्हटलं आरशात बघा. आई दारात उभी, हिला वेड लागलंय या चेहऱ्याने.

आरशात पाटी आली, अक्षरं उलटी. मग चार्ली. गज उजव्या हातात.

मी बाबांकडे बघत होते. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे काय उलटं लावलंस?"

"अहो बाबा, तुम्ही असंच बघायचात. आत्याने सांगितलं, नळाच्या कट्ट्यावर बसून, मागून."

"हो, मग?" बाबा म्हणाले. "पुढे जागा मिळायची नाही म्हणून बसायचो मागे. हौस होती काय? सगळं अंग ओलं व्हायचं. ती पुढची पोरं आधी हसायची, आणि मग आम्हाला कळायचं काय झालं ते." ते उठलेच. "आता अख्खा सोफा माझा आहे आणि तू मला आरशात सिनेमा दाखवतेस होय गं?"

आई इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं. बाबा हॉलमध्ये गेले, पण सोफ्यावर नाही बसले. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, फरशीवर कर्रकर्र आवाज करत, आणि टीव्हीच्या अगदी समोर आणून ठेवली, दोन हातांवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एवढ्या जवळून बघू नका म्हणून सांगितलंय, पण त्या वेळी कोण बोलणार. गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मला मागे न बघताच म्हणाले, "लाव. पहिल्यापासून लाव."

मी पहिल्यापासून लावली. गुत्त्याचं झुलतं दार, आणि दाराच्या खाली फक्त ते दोन बूट दिसले. अजून काहीसुद्धा झालं नव्हतं, आणि बाबा हसायला लागले.